सांगली ते गुवाहाटी तीन गाड्यांनी, आई-बाबांना झेपेल का?

कृष्णाकाठ_सांगली
नमस्कार मंडळी. बहीण गुवाहाटीला असते, तिच्या पोरीची उष्टावण फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ठरलीय आणि मामा मी एकटाच, खीर मीच भरवायची, त्यामुळं वेळेत पोचायलाच पाहिजे. विमानानं गेलो असतो पण बाबांच्या कानाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर म्हणाले इतक्यात विमान नको. खरं सांगायचं तर बाबांना तेच हवं होतं. जन्मभर एसटीत कंडक्टर, दुसऱ्यांची तिकिटं फाडली, आता म्हणतात मला खिडकी पाहिजे.

प्लॅन असा केलाय: महाराष्ट्र एक्सप्रेसनं सांगली ते नागपूर, तिथं आत्याकडं दोन दिवस, मग नागपूरहून गीतांजलीनं हावडा आणि त्याच दिवशी सराईघाटनं गुवाहाटी. गीतांजली हावड्याला दुपारी साडेबाराच्या आसपास लागते आणि सराईघाट चारच्या सुमारास सुटते, म्हणजे साडेतीन तास हातात राहतात. पुरतील का? आई ६४, बाबा ७०, आईचे गुडघे दुखतात. आणि तिकिटं तीन वेगवेगळी काढायची का कसं?

कल्याण_जलद
एवढा खटाटोप कशाला हो, कुर्ल्याहून म्हणजे एलटीटीवरून गुवाहाटीला थेट गाडी आहे, कल्याणला पण थांबते, एकदा बसलात की उतरायचं नाव नाही. नागपूर लागत नाही, गाडी जबलपूर-प्रयागराजच्या बाजूनं जाते, पण सामान चढवा-उतरवा तरी नको. आत्याला परत येताना भेटा.

संत्रानगरी
थेट गाडीत दोन-दोन रात्री सलग बसून गुडघ्याचं काय होते ते मले माहीत आहे भाऊ, माझी आई उतरली तेव्हा पाय टेकवत नव्हता. मधात थांबून जाणंच बरं. पण तुमचे साडेतीन तास विसरा! नागपूर ते हावडा ११३१ किलोमीटर, त्यात बिलासपूरच्या पुढं झारसुगुडा, राउरकेला, टाटानगर हा सगळा कोळशाच्या अन लोखंडाच्या मालगाड्यांचा रस्ता, तिथं गाडी एकदा लेट झाली का होतच राहते. मागच्या वर्षी आमची गाडी (नाव नाही घेत) हावड्याले साडेसहा तास उशिरा लागली अन पुढची गाडी आमच्याशिवाय निघून गेली. रात्र वेटिंग हॉलमध्ये, सकाळी तत्काळसाठी धावपळ.

त्यापेक्षा मुंबईहून येणारी हावडा मेल पकडा. नागपूरले सकाळी येते अन दुसऱ्या दिवशी पहाटे-सकाळी हावडा. चारच्या गाडीले आठ-नऊ तास मिळतात, पाच तास लेट झाली तरी तुम्ही चहा पीत बसलेले असाल. बाकी शेगाव स्टेशनवर कचोरी घ्यायले विसरू नका, महाराष्ट्र एक्सप्रेस तिथं थांबते.

रुळावरची_गोष्ट
तिकिटांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, जरा लांब होईल.

तीन वेगळी ऑनलाइन तिकिटं काढली तर पहिलं म्हणजे पैसे जास्त जातात, कारण अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर कमी होतो आणि तुम्ही तुकडे केले की दरवेळी मीटर शून्यावरून सुरू. रिझर्व्हेशनच्या खिडकीवर जाऊन सांगली ते हावडा एकच तिकीट मागा, नागपूरला उतरणार हे आधीच सांगायचं, त्या फॉर्मवर पुढच्या प्रवासाचा रकाना असतोच. ५०० किलोमीटरच्या वरच्या तिकिटावर प्रवास मध्येच तोडता येतो, हजारच्या वर असेल तर दोनदा, आणि दरवेळी दोन दिवस थांबता येतं ज्यात उतरायचा आणि परत चढायचा दिवस धरत नाहीत. म्हणजे आत्याकडे आरामात. नागपूरला उतरलात की स्टेशनवर तिकिटावर शेरा मारून घ्यायचा, विसरू नका. ऑनलाइन तिकिटाला ही सोय नाही. आणि खिडकीवरचा माणूस "असं होत नाही" म्हणाला तर भांडू नका, सुपरवायझरला विचारा.

हावडा-गुवाहाटीचं तिकीट वेगळं आणि ऑनलाइन काढलंत तर आधीची गाडी लेट होऊन ही चुकली तरी पैसे परत मिळावेत म्हणून दोन पीएनआर, म्हणजे तिकिटांवरचे आरक्षण क्रमांक, एकमेकांना जोडता येतात, ही सोय २०१९ पासून आहे. दोन्हीकडे प्रवाशांची नावं-वयं तंतोतंत तीच हवीत, आणि फक्त दोनच पीएनआर जोडले जातात, तीन नाही. पैसे परत येतील पण पुढच्या गाडीत बर्थ कुणी देणार नाही हे डोक्यात ठेवा, म्हणून मेलचा सल्ला बरोबर आहे.

अजून एक, हे फार लोकांना माहीत नसतं. आई-बाबांचं तिकीट तुमच्यापासून वेगळं काढा. ज्येष्ठांचा लोअर बर्थ कोटा एकटा किंवा दोघे ज्येष्ठ असतील तरच लागतो, तुमचं नाव त्याच तिकिटावर आलं की गेला तो कोटा, मग आईला मिडल बर्थ आणि गुडघ्यांची वाट. सवलत मात्र मागू नका, ज्येष्ठांची तिकिटातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, आधीचे १२० दिवस नोव्हेंबर २०२४ पासून गेले.

हुगळीकाठची
अकरा वर्षं कोलकात्यात आहे, माहेर साताऱ्याचं, म्हणून राहवलं नाही.

गाडी निवडताना शेवटचं स्टेशन नीट वाचा. मुंबईहून कोलकात्याला येणाऱ्या काही गाड्या हावड्याला येतच नाहीत, शालिमारला संपतात, ज्ञानेश्वरी त्यातलीच. शालिमार जवळच आहे पण सामान आणि म्हातारी माणसं घेऊन टॅक्सी शोधत हावड्याला येणं म्हणजे डोक्याला ताप. माझ्या सासऱ्यांनी "सगळं हावडाच" म्हणून तिकीट काढलं होतं आणि मी फुलं घेऊन भलत्या स्टेशनवर उभी!

हावड्यात दोन इमारती आहेत, जुनी आणि नवी. तुमच्याकडच्या गाड्या बहुतेक नव्यात लागतात, १७ पासून पुढचे प्लॅटफॉर्म, आणि गुवाहाटीची गाडी सहसा जुन्यातून सुटते. चालत जाता येतं पण गर्दी अशी की आईंना व्हीलचेअर किंवा कुली घ्याच, कंजूषी करू नका. सामान क्लोकरूमला ठेवायचं तर बॅगेला कुलूप लागतं, नाहीतर घेत नाहीत.

आणि एवढे तास मिळतायत तर बाबांना स्टेशनात बसवून ठेवू नका. खालूनच मेट्रो जाते, मार्च २०२४ मध्ये सुरू झाली, हुगळी नदीच्या पोटातून पलीकडे एस्प्लनेडला. जाताना मेट्रोनं आणि येताना घाटावरून लाँचनं या, हावडा ब्रिज खालून दिसतो. कंडक्टर माणूस आहे, तिकीट जपून ठेवेल बघा.

कृष्णाकाठ_सांगली
सगळ्यांचे लय आभार. काल खिडकीवर गेलो, बाबा पण आले सोबत. आतल्या माणसानं आधी नाहीच म्हटलं, मग बाबांनी शांतपणे विचारलं "साहेब, टप्पा कुठं तुटतो ते मला सांगा," आणि दोघं पंधरा मिनिटं टप्प्यांवर बोलत बसले, मागं रांग ओरडतीय! तिकीट मिळालं. मेलनंच जातोय. आई-बाबांचं वेगळं काढलं, लोअर दोन्ही, मी अप्पर.

गुवाहाटीला उष्टावणीच्या आदल्या दिवसाऐवजी दोन दिवस आधी पोचायचं ठरवलंय, उगाच घोळ नको. आता आईचं एकच चाललंय, चार दिवसांच्या दशम्या टिकतील का.

संत्रानगरी
दुधातल्या कराले सांगा, पाणी लावू नका. नागपूरपर्यंतच्याच घ्या, पुढच्या आत्या करून देतील नं!

हुगळीकाठची
ठेचा जास्तीचा आणा. प्लॅटफॉर्मवर येते घ्यायला.