क्रीम रंगाच्या लेदर सोफ्यावर नव्या जीन्सचा निळा रंग बसला, कसा काढावा?

रानमोगरा_दारव्हा
नमस्कार मंडळी, कोणाला खात्रीनं माहीत असेल तर लवकर सांगा. आमच्याकडे क्रीम रंगाचा लेदरचा सोफा आहे, मोठ्या दिरांनी घर बांधलं तेव्हा नागपूरहून आणला होता. मागच्या आठवड्यात घरी साक्षगंध होतं, पुण्याहून पोरं आली, सगळ्यांच्या अंगात नव्या कोऱ्या डार्क जीन्स, दुपारभर लाइन नाही, कूलर बंद, अन् घामाघूम होऊन सगळे तिथंच बसून. संध्याकाळी पाहते तर बसायच्या जागेच्या पुढच्या काठाला निळा पट्टा, बाहेरच्या बाजूलेही निळसर ठिपके. ओल्या फडक्यानं पुसलं तर फडक्याले थोडा निळा लागला पण सोफ्यावरचा काही हलला नाही.
आता एक जण म्हणते थिनर मारा, शेजारच्या काकू म्हणतात टूथपेस्ट घासा, मेडिकलवाला स्पिरिट देऊन राहिला. मी अजून कशालेच हात लावला नाही. सासूबाईंना तो सोफा लय जपून ठेवायचा आहे म्हणून भीती वाटते.
अजून एक, माझी फिक्कट बदामी लेदरची पर्स आहे, तिची मागची बाजू कुर्त्याला घासते तिथंही निळसर-जांभळं झालं आहे. दोन्हीला एकच उपाय चालते का? गावात असं काम करणारं कोणी नाही, यवतमाळले विचारलं तर सरळ नवीन कव्हर शिवून घ्या म्हणाले.

संत्राबाग_वरुड
ताई कपड्यांच्या रंगाच्या दुकानात रंगकाट पावडर मिळते, आमच्याकडे पांढऱ्या शर्टाला दुसऱ्या कपड्याचा रंग लागला की गरम पाण्यात तीच टाकतात अन् शर्ट पयल्यासारखा होते. लेदरवर चालते का ते मात्र जाणकारानं सांगावं.

कुशनवाला_आर्वी
ताई, हात नाही लावला हे लय चांगलं केलं. मी सोफे भरायचं अन् दुरुस्तीचं काम करतो, असे निळे झालेले सोफे लग्नसराईनंतर येतातच येतात. थिनर तर बिलकुल नोका लावू. थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी, पेट्रोल, रॉकेल, यातलं काही बी सोफ्यावर नाही पाह्यजे. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी भुकटी असते, दात चमकवते पण लेदरची चमक खाऊन टाकते, मंग डाग जाऊन तिथं पांढुरका धब्बा दिसते तो कायमचा. रंगकाट बी नाही, ते कपड्याचं काम आहे.
पयले हे पाहा की तुमचा सोफा हाय कशाचा. दुकानदार "लेदरचा" म्हणून देते पण लय सोफ्यांत फक्त बसायची जागा अन् पाठ टेकायची जागा लेदरची असते, बाजू अन् मागचा भाग रेक्झिनचा, रंग सारखाच म्हणून कळत नाही. सोफा आडवा करून खालचं काळं कापड एका कोपऱ्यात थोडं सोडवा, जिथं पिना मारल्या असतात तिथं कापलेली कड दिसते. उलट्या बाजूनं बारीक बारीक रेषांसारखं, फडकं विस्कटल्यावानी केसाळ दिसलं तर लेदर. विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. वास घेऊन ठरवू नोका, आजकाल वासाचा फवारा मारून विकतात.
मंग न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब तसाच गोल राहिला तर वरून रंगाचा अन् संरक्षणाचा कोट हाय, त्यावर काम करता येते. थेंब जिरून तिथं गडद झालं तर उघडं लेदर हाय, ते डाग पिऊन टाकते अन् घरी करायच्या गोष्टी फार कमी उरतात. हे पाहून इथंच सांगा, मंग पुढचं सांगतो.

रानमोगरा_दारव्हा
दादा तुम्ही म्हटलं तसंच निघालं! पिना काढून पाहिलं, बसायची गादी केसाळ आहे म्हणजे लेदर, अन् हातांच्या बाहेरची बाजू कापड चिकटवलेली, रेक्झिन. इतकी वर्षं आम्ही पूर्ण लेदरचा समजत होतो. पाण्याचा थेंब गादीवर तसाच बसून राहिला, जिरला नाही. डाग दोन्हीकडे आहे पण गादीवरचा जास्त.

कुशनवाला_आर्वी
मंग बरं हाय, कोटवालं लेदर हाय. आता घाई न करता करजा.
वाटीभर कोमट पाण्यात लहान पोरांच्या शांपूचे चार-पाच थेंब टाका अन् चांगला फेस करा. पाणी नाही, फक्त फेस घ्यायचा, तो बी पांढऱ्या जुन्या बनियनच्या तुकड्यावर. रंगीत फडकं घेऊ नोका, नाहीतर फडक्याचाच रंग सोफ्यावर बसन, अन् पांढऱ्यावर किती निळा आला हे बी दिसते. डागाच्या बाहेरून आतमधी पुसत या, रगडू नोका. फडक्यावर निळं आलं की ती बाजू टाकून दुसरी बाजू घ्या, तीच बाजू फिरवली तर निळा पसरते. मंग साध्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्यानं फेस काढा, कोरड्यानं पुसा, पंख्याखाली सुकू द्या. उन्हात नाही, ड्रायर नाही. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात लेदर ठेवलं तर ते कडक होऊन तडकते.
सुकल्यावर पाहा. फिक्कट झालं असन तर हेच परत करा, एका दिवसात सगळं काढायचा हट्ट नाही पाह्यजे. दुकानात लेदर क्लीनर म्हणून मिळते ते असलं तर फेसाच्या ऐवजी ते वापरा, साध्या घाणीचं अन् रंगाच्या डागाचं वेगवेगळं असते, बाटलीवर वाचून घ्या.
स्पिरिट शेवटी. मेडिकलमधलं घ्या, त्यात तेवढंच पाणी मिसळा, कानात घालायची कापसाची काडी त्यात बुडवून पिळून घ्या अन् पयले सोफ्याच्या खालच्या काठावर फिरवा. मंग डागावर एकदाच लोळवा अन् काडी उजेडात नेऊन पाहा. कापूस निळा झाला तर चालू ठेवा. कापसावर क्रीम रंग दिसला की तिथंच थांबा, तो सोफ्याचा स्वतःचा रंग निघून राहिला. लोकं इथंच फसतात, पांढऱ्या कापसावर क्रीम रंग लवकर दिसत नाही म्हणून पुसतच राह्यतात. म्हणून काडी पांढऱ्या कागदावर घासून बी पाहा.
रेक्झिनवाल्या बाजूले फक्त फेस लावा अन् लवकर लावा. रेक्झिनात प्लास्टिक नरम ठेवणारं तेल असते, कपड्याचा रंग हळूहळू त्यात उतरून आतमधी जाते, मंग वरून कितीही पुसा, तो निघत नाही. जितकी गरमी तितकं लवकर आत जाते, म्हणून उद्यावर टाकू नोका. पेट्रोल-थिनरनं तेच तेल निघून जाते अन् रेक्झिन पापडासारखं कडक होऊन चिरते.

प्रयोगशाळा_वणी
कुशनवाले दादांनी अगदी बरोबर सांगितलं, मी रसायनशास्त्र शिकवतो म्हणून त्यामागचं कारण जोडतो, कारण कारण समजलं की उगाच काहीतरी लावायचा मोह होत नाही.
जीन्सचा निळा म्हणजे इंडिगो. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून रंगवताना आधी त्याचं विरघळणारं रूप करावं लागतं, त्यात सूत बुडवतात अन् हवेत काढलं की ऑक्सिजन लागून तो परत निळा होऊन सुतावर बसतो. बसतो म्हणजे सुताच्या बाहेरच्या थरात, आतलं सूत पांढरंच राहतं, म्हणून तर जीन्स घासून घासून गुडघ्याला पांढरी पडते. कापसाशी त्याची पक्की रासायनिक गाठ पडलेली नसते, नव्या जीन्सवर तर मोकळा रंग भरपूर असतो, अन् घाम, घर्षण, उष्णता तिन्ही एकत्र आले की तो फिक्या वस्तूवर उतरतो.
आता लक्षात घ्या, इंडिगो स्पिरिटमध्येही जवळजवळ विरघळत नाही. मग स्पिरिटनं डाग निघतो कसा? बऱ्याचदा लेदरवरचा कोट थोडा नरम होतो अन् रंग त्या कोटासकट निघतो. म्हणून दादा म्हणाले ती कापसाची काडी पाहणं फार महत्त्वाचं आहे. डाग काढतो आहोत की सोफ्याचं कातडं सोलतो आहोत, हे ती काडीच सांगते. काळ्या जीन्सवर अन् कुर्त्यांवर दुसरे रंग असतात, त्यातले काही स्पिरिटला जास्त दाद देतात पण पसरतातही तितकेच.
संत्राबाग भाऊ, तुमची रंगकाट म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, अन् इंडिगो विरघळवायला कारखान्यात वापरतात ते हेच. म्हणजे कल्पना चुकीची नाही, पण त्यासाठी गरम अन् अल्कलीचं पाणी लागतं, आणि लेदरला ते सोसत नाही. कमावलेलं लेदर थोडं आम्लधर्मी असतं, पीएच साधारण साडेतीन ते पाचच्या मधात. धुण्याची पावडर, धुण्याचा सोडा, अंगाचा साधा साबण सगळे अल्कलीचे. त्यांनी लेदर फुगतं, कडक पडतं, रंग ढिला होतो. ब्लीच तर विचारूच नका. लहान मुलांचा शांपू बहुतेक उदासीनच्या जवळ असतो म्हणून तो बरा.

संत्राबाग_वरुड
धन्यवाद सर, आमच्याकडे घरोघरी रंगकाट वापरतात पण हे कोणी सांगितलं नव्हतं. लेदरसाठी कोणालाच सुचवणार नाही आता.

माहेर_परतवाडा
रानमोगरा ताई पर्सचं मी सांगते, मला लेदरच्या पर्सा वापरायची फार आवड आहे आणि फिक्या रंगाच्याच आवडतात. सोफ्याचा उपाय पर्सला सरसकट लावू नका. सोफ्याला बहुतेक जाड कोट असतो, पर्सचं लेदर पुष्कळदा उघडं किंवा अगदी पातळ फिनिशचं असतं, पट्ट्याच्या आतल्या बाजूला पाण्याच्या थेंबाची तीच परीक्षा करा आधी. थेंब जिरला तर स्पिरिट अजिबात नाही, ओलं फडकंही नाही, नाहीतर पाण्याचाच गोल डाग उमटतो. तिथं आधी पेन्सिल खोडायचं मऊ पांढरं खोडरबर हलक्या हातानं एकाच दिशेनं फिरवून पाहा, नवा डाग असेल तर थोडा तरी उचलतो. रंगीत खोडरबर नको. आणि सुएड म्हणजे मखमली असेल तर कोरडा ब्रश आणि खोडरबर एवढंच, क्रीम तर मुळीच लावू नका.
कुर्त्याचा जांभळा रंग जुना झाला असेल तर तो पूर्ण जाणार नाही, हे मी स्पष्टच सांगते. मी अशा पर्सेला चांगल्या मोच्याकडून पूर्णच गडद रंग करून घेते, बदामीची चॉकलेटी. गडदाचं फिक्कं होत नाही पण फिक्क्याचं गडद छान होतं, आणि पर्स आणखी कितीतरी वर्षं चालते.
ठेवतानाची काळजी पण सांगते कारण अर्धे डाग कपाटात पडतात. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते. आकार राहावा म्हणून आत कागद भरायचा तर कोरा पांढरा भरा. दोन पर्सा एकमेकींना चिकटून ठेवू नका, लालचा रंग बदामीवर जातो. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आमच्या मेळघाटाच्या पायथ्याला पावसाळ्यात तर लगेच बुरशी धरते. धुऊन धुऊन मऊ झालेल्या पांढऱ्या सुती कापडाची थैली शिवा, बस.

तलावकाठ_भंडारा
यातलंच विचारतो, माझ्या नव्या चामड्याच्या बेल्टचा तपकिरी रंग पांढऱ्या पँटला लागून राहिला घामानं. उलटं प्रकरण आहे पण उपाय असेल का? अन् बेल्टवर बकलच्या बाजूला काळे ठिपके पण पडले.

कुशनवाला_आर्वी
भाऊ, बेल्टच्या आतल्या बाजूनं कोरडं पांढरं फडकं रगडत राहा, मोकळा रंग निघून जाईपर्यंत. मंग रंगहीन मेणाचं पॉलिश लावून रात्रभर ठेवा अन् सकाळी घासून काढा. तोवर गडद पँटवर वापरा. काळ्या ठिपक्यांचं सर सांगतीन.

प्रयोगशाळा_वणी
बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्यानं कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं, त्याला ओलं लोखंड लागलं की काळं होतं. शाई पूर्वी याच प्रक्रियेनं करायचे. तो रंग उतरलेला नाही, चामड्यातच तयार झालेला आहे, म्हणून पुसून जाणार नाही. बकल गंजकं असेल तर बदलून टाका म्हणजे आणखी पडणार नाहीत.

रानमोगरा_दारव्हा
सगळ्यांचे मनापासून आभार. फेसानं गादीवरचा पट्टा बराच फिक्कट झाला, रेक्झिनवरचा एक ठिपका पूर्ण गेला, बाकीचे आहेत. खालच्या काठावर स्पिरिटची काडी फिरवून कागदावर घासली तर क्रीम रंग दिसला, म्हणून तिथंच सोडलं. आता उरलेल्याचं काय, अन् कव्हर टाकू का वरून?

कुशनवाला_आर्वी
सोडलं ते बरोबरच केलं. आता घासू नोका. सुकल्यावर लेदरचं क्रीम अगदी पातळ लावून पुसून घ्या, खोबरेल किंवा मोहरीचं तेल नाही, त्यानं फिक्कं लेदर डागाळते अन् धूळ धरते. रेक्झिनले क्रीमची गरज नाही.
एवढ्यावर राहू द्यायचं नसन तर लेदरवर परत रंग बसवता येते. नागपूर-अमरावतीकडे लेदर रिकलरिंगवाल्याले फोन करून तीन गोष्टी विचारा, पयले साफ करून मंग रंग देता का, रंग तुमच्या सोफ्याच्या तुकड्याशी जुळवून देता का, अन् वरून संरक्षणाचा पारदर्शक कोट मारता का. तिसऱ्याले नाही म्हणाला तर काम नोका देऊ, तो रंग पुढच्या जीन्सवर उतरन. जुळवायले खालच्या पिनांजवळची कड दाखवा, तिथं सोफ्याचा मूळ रंग उन्हाविना तसाच राह्यते. पूर्ण गादीवर रंग द्यायले सांगा, फक्त पट्ट्यावर दिला तर ठिगळ दिसते.
कव्हर टाका पण दुकानातून आणलेलं लाल-मरून नवं कोरं नाही, ते बी रंग सोडते. जुनी, धुतलेली, पांढरी सुती चादर टाका, अन् कूलरचे शितोडे येतात त्या बाजूनं सोफा हटवा, ओल्या चादरीखाली रंग सगळ्यात लवकर चढते.