'फेअर' या इंग्रजी विशेषणाचा मूळ अर्थ कोणता धरावा?

प्रश्न
मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो. 'फेअर' हे विशेषण रेशन दुकानाच्या पाटीवर 'रास्त' होते, भूसंपादनाच्या 2013 च्या कायद्यात 'उचित' होते, निवडणुकीच्या बातमीत 'निष्पक्ष' आणि वधूवरांच्या जाहिरातीत 'गोरी' होते. शिवाय जत्रेलाही 'फेअर'च म्हणतात. मुलांना यातला कोणता अर्थ आधी सांगावा?

प्रतिसाद 1
जत्रा आधी बाजूला काढा. ते नाम लॅटिनमधल्या सणाच्या दिवसासाठीच्या शब्दावरून फ्रेंचमार्गे आले असून त्याचा या विशेषणाशी संबंध नाही. विशेषणाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ 'सुंदर, देखणा' असा होता. देखणे म्हणजे डाग नसलेले, आणि ज्या वागण्यात खोट नाही ते न्याय्य, अशी अर्थाची वाट समजावता येते. आपल्या शाळांतली 'फेअर वही' याच वाटेवरची आहे, कारण रफ वहीतली खाडाखोड तिच्यात चालत नाही. उजळ कांतीला देखणे मानणाऱ्या समाजात 'गोरा' हा अर्थही त्याच शब्दाला चिकटला. तो केवळ कांती आणि केसांपुरता आहे, आणि केसांच्या बाबतीत तर 'गोरे' न म्हणता 'सोनेरी' किंवा 'फिकट' म्हणावे लागते. त्यामुळे शब्दकोशात हा अर्थ पहिला दिसला तरी वर्गात तो शेवटी सांगावा, असे माझे मत आहे.

प्रतिसाद 2
ऊसपट्ट्यातल्या मुलांसाठी उसाच्या 'एफआरपी'इतके, म्हणजे 'फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस'इतके, चांगले उदाहरण नाही. 2009-10 च्या हंगामापासून 'एसएमपी'ची, म्हणजे वैधानिक किमान दराची, जागा 'रास्त आणि किफायतशीर दरा'ने घेतली. केंद्र सरकार तो ठरवते आणि ऊस घातल्यापासून 14 दिवसांत कारखान्याने तो द्यावा, असा नियम आहे. (तो किती पाळला जातो, हा वेगळा विषय.) येथे दोन विशेषणे का लागली, हे मुलांना विचारून पाहावे. 'फेअर' म्हणजे चढा भाव नव्हे. देणारा आणि घेणारा या दोघांच्या दृष्टीने वाजवी ठरेल तो भाव. उत्पादनखर्च वजा जाता शेतकऱ्याच्या पदरात काही उरावे, ही अपेक्षा दुसऱ्या विशेषणात आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग प्रगतिपुस्तकातल्या 'फेअर' शेऱ्याचे काय? एका पालकांनी तो 'उत्तम' असा वाचला होता.

प्रतिसाद 3
तो शेरा 'गुड'च्या खालचा आणि 'पुअर'च्या वरचा, म्हणजे 'साधारण बरा' एवढाच असतो. आपल्या 'बरा' या शब्दाचीही हीच गत आहे: 'बरे झाले' यात समाधान असते, तर 'स्वयंपाक बरा होता' हे ऐकून सुगरणीचा चेहरा पडतो. याच अर्थावरून 'फेअरली' हे क्रियाविशेषण 'बऱ्यापैकी' या अर्थाने वापरतात. हवामान खात्याच्या अंदाजात 'फेअरली वाइडस्प्रेड' पाऊस म्हणजे 51 ते 75 टक्के केंद्रांवर पडणारा पाऊस, आणि मराठी बातम्यांत त्याला 'बऱ्याच ठिकाणी' म्हणतात. तेथे न्यायाचा काही संबंध नाही.

प्रतिसाद 1
बोलण्यातला 'फेअर इनफ'ही मुलांना जरूर सांगा. समोरच्याचे म्हणणे पूर्ण पटले नसले तरी वाद न वाढवता ते मान्य करताना हे म्हणतात, म्हणून त्याचे मराठी 'बरं, असू दे' असे करावे. 'पुरेसे न्याय्य' असे केल्यास वाक्य हास्यास्पद होते.