पीक आणि पाण्याची माहिती सरकारला देताना कोणत्या कागदावर काय लिहावे?

प्रश्न : भोगावतीकाठ (करवीर)

नमस्कार. आमची जमीन करवीर तालुक्यात भोगावतीपासून थोडी आत आहे. तिला गावच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे पाणी मिळते, आणि संस्थेची पाळी लांबली की बांधालगतच्या आमच्या स्वतःच्या विहिरीवरची मोटर चालू करावी लागते. दीड एकर आडसाली ऊस, अर्धा एकर खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) आणि उरलेल्या तुकड्यात सोयाबीननंतर हरभरा, अशी आमची पिके असतात.

यंदा हीच माहिती तीन जणांनी मागितली आहे. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकांची सरकारी नोंद, मी मोबाईलवरून स्वतः भरली. पाणी अर्जासाठी संस्थेच्या सचिवांनी हंगामवार क्षेत्र विचारले. त्यानंतर सिंचन गणनेसाठी आलेल्या प्रगणकांनी विहिरीची खोली, पंपाची अश्वशक्ती, भिजणारे क्षेत्र आणि मोटर रोज किती तास चालते, हे सर्व विचारले. शेजारचे काही जण सांगतात की क्षेत्र कमीच सांगा, नाहीतर पाणीपट्टी वाढेल; काहींचे म्हणणे नेमके उलटे, की सगळे बागायत दाखवा, म्हणजे पूर आला तर भरपाई जास्त मिळेल. खोटे लिहिण्याची माझी तयारी नाही. परंतु ही माहिती पुढे कोठे जाते, ती देणे बंधनकारक आहे का, आणि ज्या पाण्यावर मीटरच नाही ते पाणी किती वापरले हे कसे सांगावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 : निवृत्त मोजणीदार (कागल)

आपल्याकडे आलेल्या तिन्ही मागण्या वरवर सारख्या दिसत असल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने त्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि गावोगावचा बहुतेक गोंधळ हा भेद लक्षात न घेतल्यामुळे होतो.

ई-पीक पाहणी हा महसुली अभिलेख आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून ती राज्यभर सुरू झाली आणि तिच्यातील नोंद सातबाऱ्यातील गाव नमुना 12 मध्ये जाते. सातबारा कोणालाही पाहता येतो, त्यामुळे येथे गुप्ततेचा प्रश्नच येत नाही. मात्र पंचनामा, पीकविमा आणि पीककर्ज या सगळ्या वेळी हीच नोंद पाहिली जाते. केंद्राच्या 2022-26 या कालावधीच्या निकषांत 33 टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाल्यास जिरायत पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, बागायत पिकाला 17,000 रुपये आणि बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये अशी मदत ठरलेली आहे. खरोखर भिजणारे पीक जिरायत म्हणून नोंदले गेले तर मदत निम्म्यावर येते. न भिजणारे पीक बागायत दाखवले, तर पंचनाम्याच्या वेळी जागेवरची स्थिती आणि नोंद जुळत नाही आणि मग संपूर्ण नोंदीवरच शंका घेतली जाते.

पाणी अर्ज ही मागणी आहे आणि तिच्यावरून आकारणी होते. तिच्या मुळाशी महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम 1976 आहे. खरीप 1 जुलै ते 14 ऑक्टोबर, रब्बी 15 ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर आणि उन्हाळी 1 मार्च ते 30 जून, असे हंगाम धरले जातात. अर्जात कमी क्षेत्र दाखवून प्रत्यक्षात जास्त भिजवले, तर मोजणीत ते जादा क्षेत्र अनधिकृत ठरते आणि त्याची आकारणी दंडनीय दराने होते. म्हणजे शेजाऱ्यांनी पैसे वाचवण्यासाठी सुचवलेला मार्ग शेवटी अधिक खर्चाचा ठरतो.

सिंचन गणना मात्र केवळ आकडेवारीसाठी आहे. केंद्र सरकारची पहिली लघु सिंचन गणना 1986-87 हे संदर्भ वर्ष धरून झाली. सहाव्या गणनेचे संदर्भ वर्ष 2017-18 होते आणि तिच्यात देशभरात सुमारे 2 कोटी 31 लाख योजना मोजल्या गेल्या, त्यांपैकी जवळपास 2 कोटी 19 लाख भूजलावरच्या होत्या. येथे मोजणीचे एकक शेत नसून योजना हे आहे: आपली विहीर ही एक योजना आणि संस्थेचा नदीवरील उपसा ही दुसरी. संस्थेचे क्षेत्र संस्थेच्या नावावर एकदाच मोजले गेले पाहिजे, सभासदांनी ते आपापल्या नावावर पुन्हा सांगू नये.

बंधनकारक आहे का, असे आपण विचारले आहे. कोणती माहिती कोणत्या अधिनियमाखाली मागितली जात आहे हे प्रगणकाला विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. ती सांख्यिकी संकलन अधिनियम 2008 खाली मागितली असेल, तर उत्तर देणे बंधनकारक असते आणि नकार दिल्यास दंडाची तरतूद आहे. परंतु त्याच अधिनियमानुसार ती माहिती आकडेवारीच्या कामापुरतीच वापरता येते आणि आपली ओळख उघड होईल अशा रीतीने ती बाहेर देता येत नाही. पाणीपट्टीच्या आकारणीसाठी तिचा वापर करणे त्या अधिनियमात बसत नाही. म्हणून उत्तर देण्याआधी, आपण महसुली नोंद करत आहोत, मागणी करत आहोत की आकडेवारी देत आहोत, हे ठरवून घ्यावे.

उत्तर 2 : पाणीपुरवठा संस्थेचा सचिव (राधानगरी)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मीटर नसताना पाणी कसे सांगावे, एवढ्यापुरते लिहितो, कारण दर हंगामाला सभासद मला हेच विचारतात.

पंपाची अश्वशक्ती 75 ने गुणावी, त्याला कार्यक्षमतेने गुणावे आणि पाणी एकूण जितके मीटर उचलले जाते त्या आकड्याने भागावे. उत्तर सेकंदाला किती लिटर असे येते. दहा अश्वशक्तीचा पंप, साठ टक्के कार्यक्षमता आणि पाइपमधील घर्षण धरून वीस मीटर उचल असेल, तर सेकंदाला साडेबावीस लिटर, म्हणजे तासाला 81,000 लिटर पाणी पडते. एक एकर उसाला आठ सेंटिमीटरची पाळी द्यायची तर सुमारे 3 लाख 24 हजार लिटर पाणी लागते, म्हणजे हा पंप चार तास चालला पाहिजे. आपल्याकडे एकराला सहा तास लागत असतील, तर एकतर पंप पाणी कमी देतो आहे किंवा शेतात पाणी गरजेपेक्षा जास्त जात आहे. दोन्ही गोष्टी आपल्यालाच कळायला हव्यात, सरकारला त्या कळोत किंवा न कळोत. एप्रिलमध्ये विहिरीची पातळी खाली गेली की उचल वाढते आणि पाणी कमी होते, त्यामुळे हिवाळ्यातला आकडा उन्हाळ्याला लावू नये. शक्य असेल तर ज्याचे माप माहीत आहे असा हौद घड्याळ लावून भरून पाहावा. पंपाच्या पाटीवरील आकड्यापेक्षा हे माप अधिक भरवशाचे असते. आणि नमुन्यात ‘अंदाजे’ हा शब्द अवश्य लिहावा.

आडसाली उसाबद्दल विशेष काळजी घ्यावी. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो, म्हणजे तो दोन खरीप, दोन रब्बी आणि एक उन्हाळी अशा पाच हंगामांत दिसतो. लागणीचा महिना न पाहता कोणी हंगामवार क्षेत्रांची बेरीज केली, तर आपला दीड एकर ऊस कागदावर साडेसात एकर होतो. तसेच उसात भुईमूग किंवा हरभरा आंतरपीक असेल, तर त्याला वेगळे पाणी दिलेले नसते, तरी नोंदीत दोन पिकांचे पाणी वेगवेगळे धरले जाण्याचा धोका असतो. म्हणून लागणीची तारीख आणि आंतरपीक असल्यास तसा उल्लेख, या दोन गोष्टी प्रत्येक कागदावर आग्रहाने लिहून घ्या. कोल्हापुरात उसाखालचे क्षेत्र इतके मोठे आहे की ही एकच चूक साऱ्या जिल्ह्याचा पाणीवापर चुकीचा दाखवू शकते.

उत्तर 3 : संगमाखालचा शेतकरी (शिरोळ)

मला येथे थोडे वेगळे म्हणायचे आहे. खरी माहिती द्यावी यात वाद नाही, परंतु वरील दोन्ही उत्तरांत शेतकऱ्याचे कर्तव्य तेवढे आले आहे आणि माहिती घेणाऱ्याचे कर्तव्य राहून गेले आहे.

पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, त्यामुळे आपण उपसलेले पाणी हा कृष्णा खोऱ्याच्या हिशेबाचा भाग आहे. कृष्णेचे पाणी राज्यांमध्ये वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाच्या 1976 साली प्रसिद्ध झालेल्या अंतिम निवाड्यात महाराष्ट्राच्या वाट्याला 560 अब्ज घनफूट पाणी आले, आणि आपापल्या पाणीवापराची दरवर्षी नोंद ठेवण्याचे बंधन त्यात राज्यांवर घातलेले आहे. तुमच्या विहिरीचे आणि संस्थेच्या उपशाचे आकडे चुकले, तर राज्याने मांडलेला हिशेबही तेवढ्यापुरता कच्चा राहतो. ही गोष्ट गावात येऊन कोणी समजावून सांगत नाही. केवळ नमुना पुढे केला जातो, आणि मग लोकांच्या मनात पाणीपट्टीशिवाय दुसरे कारण येत नाही.

दुसरे असे की, गोळा केलेली माहिती गावाकडे परत येत नाही. आमच्या तालुक्यात अतिपाणी आणि खराब निचरा यांमुळे जमिनी क्षारपड झाल्या आहेत. कोणत्या शिवारात एकरी किती पाणी जाते आणि कोठे भूजल वर आले आहे, हे गावनिहाय कळले, तर सामूहिक निचऱ्याचे काम कोठे आधी घ्यायचे हे ठरवता येईल. नदीवरील उपसाबंदीचेही तसेच आहे. बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातल्यावर राधानगरीतून सोडलेले पाणी एकेक बंधारा भरत खाली येते, आणि टंचाईच्या काळात कोणत्या भागात किती दिवस उपसा बंद ठेवायचा हे वरच्या मागणीच्या अंदाजावरून ठरते. वरच्या लोकांनी क्षेत्र कमी सांगितले, तर त्याची झळ खालच्या पिकांना बसते. आम्ही खालचे आहोत, म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

माझी सूचना अशी की, माहिती देताना भरलेल्या नमुन्याचा फोटो घ्यावा, आणि गावाची एकत्रित आकडेवारी, कोणाचेही नाव न घेता, ग्रामसभेत वाचून दाखवावी असा ठराव करून तो तालुक्याला पाठवावा. शेतकऱ्याने दिलेला आकडा त्याच्यासमोर पुन्हा आला, तरच तो चुकीचा आहे की बरोबर हे तो सांगू शकतो.

प्रश्नकर्ता : भोगावतीकाठ (करवीर)

तिघांचेही मनापासून आभार. एकच शंका उरली आहे. माझ्या दीड एकराला संस्थेचेही पाणी मिळते आणि विहिरीचेही. गाव नमुना 12 मध्ये जलसिंचनाचे साधन कोणते लिहावे, आणि गणनेत हे क्षेत्र विहिरीखाली सांगावे का?

उत्तर : निवृत्त मोजणीदार (कागल)

ज्या साधनातून अधिक पाळ्या मिळतात ते मुख्य साधन समजून नमुना 12 मध्ये लिहावे. आपल्या वर्णनावरून ते संस्थेचा उपसा हे दिसते. गणनेत विहिरीची नोंद अवश्य करावी, परंतु हे क्षेत्र मुख्यतः संस्थेच्या पाण्यावर असून विहिरीचे पाणी केवळ पूरक आहे, असे प्रगणकांना स्पष्ट सांगून तसा शेरा लिहून घ्यावा. संस्थेच्या सचिवांनाही आपल्या विहिरीबद्दल कळवून ठेवा, म्हणजे तेच क्षेत्र दोन ठिकाणी पूर्ण धरले जाणार नाही.