पॉवरचा कोड नुसता वाचून पास करायचा का?

रामबागकर:
आमच्या इंदूरच्या ऑफिसात लिनक्स लॅपटॉपसाठी एक छोटं टूल लिहिलंय. चार्जर काढला की गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग कसा ठेवायचा ती सेटिंग) 'पॉवरसेव्ह', लावला की 'परफॉर्मन्स'. पॅच, म्हणजे कोडमधला बदल, आठ दिवस रिव्ह्यूत अडकलाय, कारण तो तपासणाऱ्या सरांचा हट्ट, 'एएमडी प्रोसेसरच्या मशीनवर चालवून दाखव.' माझा लॅपटॉप इंटेलचा. अहो, एका फाईलमध्ये एक शब्द लिहायचाय. तो वाचून कळत नाही?

सराफ्यातला घुबड:
नाही कळत, भिया. शब्द एक, अर्थ दोन. प्रोसेसरचा वेग सांभाळणारा इंटेल-पीस्टेट ड्रायव्हर अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये असेल तर पॉवरसेव्ह म्हणजे कामाप्रमाणे वेग वरखाली. जुन्या एसीपीआय-सीपीयूफ्रीक ड्रायव्हरवर तोच शब्द लिहिलास की वेग थेट तळाला, आणि मुक्काम तिथेच. ब्राउझर उघडेपर्यंत पोह्यांवर जीरावन मसाला टाकून प्लेट संपते. एएमडीचा ड्रायव्हर एएमडी-पीस्टेट कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आला २०२२ मध्ये, ५.१७ आवृत्तीत. त्यातही मोडप्रमाणे अर्थ बदलतो. सर बरोबर आहेत.

रामबागकर:
मग 'आधी ड्रायव्हर तपास' एवढी एक ओळ कमेंटमध्ये लिहायची होती ना! मशीन कुठून पैदा करू?

मालवाकन्या:
मी रामबागकरांच्या बाजूने. ज्याच्याकडे मशीन आहे त्यानं चालवावं, नसेल तर नेमकी ओळ दाखवावी. 'चालवून दाखव' हा रिव्ह्यू नव्हे, टोलवाटोलवी. कमाल वेगाच्या फाईलमध्ये आकडा किलोहर्ट्झमध्ये जातो. आमच्याकडे एकानं २.४ गिगाहर्ट्झसाठी २४०० लिहिलं होतं, हवे होते २४०००००. मी ते वाचूनच पकडलं. चालवलं असतं तर 'मशीन जरा स्लो वाटतंय' म्हणून सोडून दिलं असतं.

सराफ्यातला घुबड:
ताई, चुकीचं लिहिलेलं वाचून सापडतं. लिहायचंच राहिलेलं कसं सापडणार? रामबागकर, एक सांग. लॅपटॉप चार्जरवर असताना झाकण लावलं, तो झोपला. मग चार्जर काढून बॅगेत टाकला. घरी झाकण उघडल्यावर तुझं टूल काय करतं?

रामबागकर:
चार्जर निघाल्याचा इव्हेंट, म्हणजे सिस्टिमची सूचना, आली की बदलतं.

सराफ्यातला घुबड:
आणि तो इव्हेंट झोपेतच निघून गेला तर?

मालवाकन्या:
हा प्रश्न मात्र चांगलाय. पण तो सरांनी विचारायला हवा होता.

रामबागकर:
आत्ताच करून बघितलं. बॅटरीवर आहे आणि 'परफॉर्मन्स'वरच बसलाय. उठल्यावर चार्जरची स्थिती पुन्हा वाचणारा कोडच नाही माझ्याकडे. टाकतो.
पण हे माझ्या इंटेलच्याच लॅपटॉपवर सापडलं हं. एएमडी लागला नाही.