ह्युमन टास्कचा आयता फॉर्म वापराच, पण पेलोड आधी पक्का करा

ओरॅकल एसओए सूट म्हणजे वेगवेगळी सॉफ्टवेअर जोडून कामाच्या प्रक्रिया चालवणारी प्रणाली. तिच्यात ह्युमन टास्कसाठी, म्हणजे माणसाने निर्णय द्यायच्या पायरीसाठी, जेडेव्हलपर हा ओरॅकलचा प्रोग्राम जो फॉर्म आपोआप बनवून देतो तो फक्त डेमोपुरता, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. रजेचा अर्ज किंवा खरेदीची मंजुरी अशा दहा-बारा रकान्यांच्या कामाला तो एडीएफ (ओरॅकलची वेब-पडदे बनवायची चौकट) फॉर्म छान पुरतो, आणि मंजूर-नामंजूरची बटणं टास्कच्या आउटकम्सवरून (ठरवून दिलेल्या निकालांवरून) आपसूक येतात.

अडचण असते ती पेलोडची, म्हणजे टास्कबरोबर जाणाऱ्या माहितीची. फॉर्म त्याच्यावरूनच तयार होतो, त्यामुळे नंतर स्कीमात (त्या माहितीच्या आराखड्यात) एक रकाना वाढवला तरी तो पडद्यावर आपोआप येत नाही. पुन्हा फॉर्म बनवायचा म्हटलं, की हाताने केलेली सजावट गेली. म्हणून संबंधित विभागाबरोबर बसून रकाने आधी ठरवा, मगच फॉर्मला हात लावा. साहेबांना रक्कम बदलता यायला हवी असेल, तर पेलोडमधल्या त्या पॅरामीटरवर एडिटेबलची खूण करायला विसरू नका.

आणि बीपेलमध्ये (प्रक्रियेच्या पायऱ्या लिहायच्या भाषेत) टास्कनंतर येणारी 'अदरवाइज' (म्हणजे मंजूर-नामंजूर सोडून बाकी निकालांची) फांदी कृपया रिकामी ठेवू नका! मुदत संपलेला किंवा मागे घेतलेला टास्क तिथेच येतो. ती रिकामी असली, तर अर्ज मंजूरही नाही आणि नामंजूरही नाही, तरी प्रक्रिया पुढे निघून जाते.