प्रतिसाद: बारीक मुळं आधी कुजतात?

वर म्हटलंय की मूळ जितकं बारीक तितकं लवकर कुजतं. जाड मुळांशी तुलना केली तर ते बहुतेकदा खरं आहे, पण २ मिमीपेक्षा बारीक मुळांना एकच गट मानू नये. अगदी टोकाची, अन्नपाणी शोषणारी मुळं त्यांच्या मागच्या फाट्यांपेक्षा अनेकदा हळू कुजतात. टोकाच्या मुळांत नायट्रोजन जास्त असतो आणि त्याने सहसा कुजण्याला वेग येतो, हे खरं. पण सहज न तुटणारी फिनॉलयुक्त संयुगंही जास्त असतात आणि साखर, स्टार्च कमी. म्हणून जाडी मोजण्याऐवजी फाट्यांच्या क्रमाने (टोकाची मुळं पहिला क्रम, ती ज्यांतून फुटतात ती दुसरा, असं) मुळं वेगळी करा.

मुळं जाळीच्या पिशव्यांत भरून पुरायची, काही काळाने काढून वजनातली घट बघायची, अशा पद्धतीने कुजण्याचा वेग मोजणार असाल तर आधी मुळं ६० ते ६५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, वजन करा आणि पिशव्या साधारण १० सेमी खोल तिरक्या पुरा. १ मिमीची जाळी गांडुळांना बहुतांशी अडवते, म्हणजे वेग खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. जाळीची भोकं मोठी केली तर तुटलेले तुकडे गळतात आणि तेही कुजल्यात जमा होतात. वाळवल्याने पेशी फुटतात, त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांतली घट बरीचशी पाण्याबरोबर वाहून गेलेली असते.

सगळ्यात घातक चूक चिकटलेल्या मातीची. तिने वजन वाढतं, कधी सुरुवातीच्या वजनापेक्षाही जास्त भरतं! प्रत्येक नमुन्याचा थोडा भाग ५५० अंशांना जाळून (मूळ जळून जातं, माती राखेत उरते) राख वजा करा, सुरुवातीच्या नमुन्यांचीसुद्धा.