प्रतिसाद: सीसीटीव्हीच्या आधी दुसरा जिना

शाळेची इमारत मुलांसाठी सुरक्षित कशी करावी, यावरची इथली सगळी चर्चा सीसीटीव्ही आणि उंच कुंपणाभोवती फिरते आहे. बाहेरचा माणूस आत येऊ नये हे खरंच, पण मुलांना आतून पटकन बाहेर पडता येतं का?

तमिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. वरच्या मजल्यावरून उतरायला अरुंद जिना होता. त्यानंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांना अग्निसुरक्षेचे आदेश दिले. तरीही आपल्याकडे दुसऱ्या जिन्याला कुलूप, पायऱ्यांखाली मोडकी बाकं आणि खिडक्यांना न उघडणारे गज दिसतात, तेव्हा जीव कासावीस होतो. पालकसभेत हे विचाराच: दुसरा जिना उघडा आहे का, वर्गाचं दार बाहेर उघडतं का, गजांतला एखादा भाग आतून उघडतो का?

शिकण्याचंही तसंच. फळ्याच्याच भिंतीत खिडकी असली की मुलांच्या डोळ्यांवर तिरीप येते आणि फळा दिसत नाही. समोरासमोर खिडक्या असतील तर एप्रिलमध्येही वर्गात हवा खेळते. इमारतीचा नकाशा कागदावर असतानाच हे जवळजवळ फुकटात होतं.